उपासाची साखर

अंबादेवीच्या रस्त्यावर सुभद्राची जागा होती. जागा म्हणजे काय, एक गोणपाट, एक मोठी छत्री, पाण्याची बादली आणि पुढ्यात झेंडू-शेवंतीचे ढीग. आधी तिथे तिची सासू पार्वताबाई बसायची. सासूचे गुडघे गेले तेव्हापासून सून बसू लागली. वलगावच्या आपल्याच मळ्यातली फुलं उजाडायच्या आत तोडायची, अमरावती गाठायची आणि दिवेलागणीपर्यंत हार ओवायचे. हार घेणारे तिचं नावही विचारत नसत. "त्या छत्रीवाल्या बाईकडून आण," एवढंच सांगत. सुभद्राला ते पुरत होतं.

गेल्या महिन्यापासून त्या छत्रीखाली तिची जाऊ चंदा बसत होती. आणि काल रात्री जेवताना नवरा ओमप्रकाश म्हणाला, "उद्याची शुगर दोनशेच्या वर आली तं इन्शुलिन सुरू करू म्हन्ते डॉक्टर. मंग तू घरीच बस. जागा चंदाले देऊन टाकू. नवरात्र तोंडावर हाय. चक्कर येऊन गिऱ्हाइकाच्या अंगावर पडली तं काय करतं?"

सुभद्रा भाकरी अर्धी टाकून उठली.

दीड वर्षापूर्वी पायाची जखम भरेना म्हणून ती ट्रस्टच्या दवाखान्यात गेली होती. तिथे चार दुखणी एकदम निघाली. साखर, बीपी, रक्तातली चरबी आणि कमरेचा घेर. गोळ्या सुरू झाल्या, जखम भरली. मग दर महिन्याला साखर तपासायला बोलावू लागले आणि तिथून सगळं बिघडलं. साखर उतरेचना. अडीचशे, दोनशे साठ, अडीचशे. तिथले मोठे डॉक्टर कागदावरून नजर न उचलता विचारायचे, "गोड खाता?"

"नाई जी."

"मग वाढते कशी? चोरून खात असाल."

असं म्हणून गोळी वाढवायचे. काही महिन्यांनी आणखी वाढवायचे. पुढच्या पेशंटला हाक.

चोरून. हा एक शब्द डॉक्टरांनी सहज टाकला आणि ओमप्रकाशनं घरी उचलून आणला. त्यानं गुळाचा डबा माळ्यावर ठेवला. बायकोचे हात पोचू नयेत म्हणून. चहात साखर टाकताना तो चमच्याकडे बघायचा, मग तिच्याकडे बघायचा. ती फिका चहा प्यायची आणि त्याची नजर गिळायची. शेजारणी सांगायला यायच्या, "कारलं पेत जा वो. मेथी खात जा." मेथी खाल्ली, कारलं प्यायली, तरी चोर ती चोरच.

त्यात रोज दुपारी चारच्या सुमाराला तिच्या अंगात एक भलतंच काही शिरू लागलं. आधी पोटात खड्डा पडल्यासारखी भूक. मग घाम. मग सुईत दोरा जाईना इतका हात थरथरायचा. डोळ्यांपुढे झेंडू काळे दिसायचे. महिन्यापूर्वी, जागेवर गेली नव्हती त्या दिवशी, मळ्यात वाफ्यातच आडवी झाली. चंदानं पाणी मारून उठवलं आणि तेव्हापासून जागेवर तीच बसू लागली. सुभद्रानं घरी सांगून पाहिलं, "मले वाट्टे गोळी जास्त होऊन रायली."

"तू डॉक्टर हाय का?" ओमप्रकाश म्हणाला.

विषय संपला. साखर किती आली हे घरातलं आणि दवाखान्यातलं प्रत्येक माणूस विचारत होतं. तुला कसं वाटतं, हे दीड वर्षात एकानंही विचारलं नव्हतं. देवळाच्या पायऱ्या चढताना छाती भरते, रात्री तीनदा उठावं लागतं, हसायलासुद्धा जीव लागतो, हे आकड्यात कुठे बसतं? बाई चालते-फिरते, भाकरी थापते, म्हणजे बरी आहे. पडली की मग आजारी.

सुभद्राची भीती वेगळीच होती. तिचं माहेर बाळापूरचं. तिच्या आईला साखर होती. अकोल्याच्या एका दवाखान्यात डॉक्टर आईला म्हणाले होते, "गोळ्या लागू पडत नाहीत." मग इन्शुलिन. मग पायाचं बोट गेलं, मग पाऊल, मग आई. आता तेच वाक्य सुभद्राबद्दल बोललं जात होतं. इन्शुलिन आईचा जीव घेत नव्हतं, वाचवायला आलं होतं आणि उशिरा आलं होतं, हे तिला कोणी समजावलं नव्हतं. तिच्या डोक्यात सुई आणि सरण शेजारी शेजारी ठेवलेली होती.

पार्वताबाईनं पहाटेच गॅस पेटवला होता.

"उठ वं सुभद्रे. तुया उपासाचं झालं पाय."

ताटात साबुदाण्याची उसळ होती, वरून शेंगदाण्याचा कूट आणि मिरची. भगर होती, दाण्याची आमटी होती, आलूची भाजी होती. दर महिन्याला तपासणीच्या दिवशी म्हातारी हे सगळं करायची. गुडघे कुरकुरायचे तरी करायची. सुनेवर तिचा जीव होता आणि तो तिला तोंडानं दाखवता येत नव्हता, म्हणून ती तो ताटात वाढायची.

"आत्याबाई, एवढं कोन खाईन?"

"एवढं कायचं? रक्त काढते ते लोक. अंगात काई नसन तं काढतीन काय? उपास सांगतला हाय, उपाशी मराची शिक्षा नाई सांगतली."

"गोड काई टाकलं नाई ना मा त्यात?" ओमप्रकाशनं आतूनच विचारलं.

"तुयं तोंड गोड कर आधी. सकाळपासून कारलं चावून बसला."

सुभद्रा हसली. बऱ्याच दिवसांनी. पोटभर फराळ केला. सकाळची गोळी जेवणाच्या आधी घ्यायची असं सांगितलेलं होतं. आज जेवण नव्हतं, उपास होता. म्हणून गोळीही नाही. उरलेली उसळ सासूनं डब्यात भरून पिशवीत टाकली. "तिथं उशीर झाला तं खाजो. उपास मोडू नोको."

मोटरसायकलवर ओमप्रकाशचं पोट पेट्रोलच्या टाकीवर टेकलेलं असायचं. तो पन्नाशीला आला होता आणि पँट पोटाच्या खाली बांधत होता. वर बांधली असती तर बटण लागलं नसतं. लोक त्याला म्हणायचे, खात्यापित्या घरचा दिसतो. बायकोची कमर मोजली गेली तेव्हा ती रोग ठरली. त्याच्या पोटाला गावानं बरकत म्हटलं. राजकमल चौकाच्या अलीकडे त्यानं गाडी थांबवली, दोन कचोऱ्या तर्री ओतून खाल्ल्या, हात पँटला पुसले.

"तुले उपास हाय नाई तं घेतली असती," तो म्हणाला.

दवाखान्याच्या खिडकीवर मनोज बसायचा. नाव लिहायचा, पावती फाडायचा आणि पुढची तारीख सांगायचा. वाईट माणूस नव्हता. दिवसभर तेच ते बोलून त्याच्या तोंडाला चव राहिली नव्हती एवढंच.

"उपवासाची शुगर ना बाई? उपवास केला?"

"केला ना भाऊ."

"बसा बाकावर."

रक्त काढून झालं. बाकावर शेजारी बडनेऱ्याचे नत्थुजी बसले होते. डोक्याला दुपट्टा, हातात काठी, तोंडात एकही दात जागेवर नाही.

"तुमची किती निंगते बाई?" त्यांनी विचारलं.

"अडीचशेच्या वर."

"हॅट! माही तीनशाच्या घरात हाय. आमी मोठ्या घरचे."

बाक हसला. सुभद्रालाही हसू आलं. समोरच्या भिंतीवर एका माणसाचं चित्र होतं, त्याचं काळीज, मूत्रपिंडं, डोळे, पावलं लाल रंगवलेली. तिची नजर पावलांवरून हलत नव्हती.

मोठे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या खुर्चीत आकांक्षा मॅडम होत्या, अकोल्याहून नव्या आलेल्या. वयानं लहान, केस कसेबसे बांधलेले. ओमप्रकाशही आत आला. तो नेहमीच आत यायचा आणि सुभद्राच्या आधी बोलायचा.

"दोनशे अडुसष्ट," मॅडम म्हणाल्या. मागचे कागद चाळले. "गोळी तीनदा वाढवली आहे. तरी इतकी? काकू, आज आपण इन्शुलिनचं बोलू. घाबरू नका. आधी वजन आणि पोटाचा घेर घेते. ती पिशवी ठेवा बाजूला, सरळ उभ्या राहा."

सुभद्राला इन्शुलिनच्या पुढचं काही ऐकू आलं नाही. तिनं पिशवी न बघताच टेबलाच्या कडेला टेकवली. पिशवी कलंडली, डब्याचं झाकण उडालं आणि साबुदाण्याची उसळ मॅडमच्या कागदांवर पसरली.

"हे पाहा!" ओमप्रकाश उसळलाच. "हे पाहा मॅडम! म्या म्हन्लं नव्हतं का? डबा घेऊन फिरते! चोरून!"

सुभद्राच्या अंगात दीड वर्ष साचलेलं होतं. ते बाहेर आलं.

"चोरून काहून? तुमच्याच मायनं बांधून देल्लं! उपासाचं हाय. त्यात गोड हाय का? घ्या, चाखून पाहा!" ती मॅडमकडे वळली. "तुमीबी पाहा मॅडम. मी सकाळी हेच खाऊन आली. उसळ, भगर, आमटी, आलू. त्यात गोडाचा कण दाखवा मले. दाखवला तं आत्ताच्या आत्ता जागा सोडून देते, घरी बसते, तुमच्या सुया टोचून घेते. पन चोर म्हनू नोका!"

मॅडम साबुदाण्याकडे बघत राहिल्या.

"हे खाऊन आलात?"

"हो."

"कधी?"

"निंगताना. उपास ना आज."

"रक्त द्यायच्या आधी?"

"मंग काय नंतर? तुमच्या मनोजभाऊनंच सांगतलं. दर महिन्याले सांगते. उपासाची शुगर हाय, उपास करून येजा."

"आणि तुम्ही दर महिन्याला..."

"दर महिन्याले फराळ करूनच येते. माया सासूनं एक खेप चुकवली नाई. गुडघे दुखते तिचे, तरी पहाटे उठून करते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. आणि मग दवाखान्यातली मराठी विसरून, अकोल्याच्या पोरीसारख्या बोलल्या.

"अवो काकू, उपासाचं खाऊन आल्या वो तुमी! उपाशी याचं होतं. उपाशी. तोंडात काई टाकाचं नव्हतं, नुसतं पानी."

फास्टिंगचं मराठी ज्या कुणी पहिल्यांदा उपवास केलं, त्यानं वऱ्हाडातली एकादशी पाहिलेली नसावी. इथे उपासाच्या दिवशी माणूस एरवीपेक्षा दोन घास जास्तच खातो. उपास म्हणजे काय खायचं ते, उपाशी म्हणजे काहीच नाही ते. दोन शब्द आहेत आणि दोन्ही शेंबड्या पोरालाही कळतात. खिडकीपासून मोठ्या खुर्चीपर्यंत शिकलेली सगळी माणसं तो चुकीचा शब्द वापरत राहिली, आणि एकानंही पुढचा साधा प्रश्न केला नाही: सकाळी काय खाल्लं? गोड खाता का, हे विचारलं. खाल्लं काय, हे नाही. चोर पकडायची घाई असली की असंच होतं.

"म्हन्जे मले साखर नाई?" सुभद्रानं विचारलं.

"आहे. साखर आहे, बीपी आहे, ते खोटं नाही. पण आम्ही तुमच्या फराळाची साखर मोजत होतो. साबुदाणा, आलू, भगर. गोड लागत नाही, पण पोटात जाऊन सगळी साखरच होते. ती बघून गोळी वाढवली. रोजच्या दिवशी तुम्ही फराळ करत नाही, शेतात राबता, आणि गोळी मात्र फराळाच्या मापाची घेता." मॅडम थांबल्या. "दुपारी काही होतं का तुम्हाला? घाम, थरथर?"

सुभद्रा खाली बसली.

"चार वाजता," ती म्हणाली. "डोळ्यापुढे काळं येते. म्या सांगतलं होतं. घरी सांगतलं होतं, गोळी जास्त होऊन रायली म्हून."

ओमप्रकाश भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागला.

"बरोबर सांगत होता तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "साखर जास्त झाल्यानं नाही, कमी झाल्यानं पडत होता. आमचं चुकलं. माझं नाव त्या कागदांवर नाही, पण खुर्ची तीच आहे. चुकलं."

त्यांनी इन्शुलिनसाठी काढलेला कागद फाडला. मग दार उघडून बाहेर गेल्या आणि बाकापुढे उभ्या राहिल्या.

"उपवासाच्या शुगरसाठी आलेले कोण कोण?"

हात वर झाले.

"सकाळी फराळ करून कोण आलं?"

हात तसेच राहिले. एकीनं घाईनं सांगितलं, "मी नुसतं केळं खाल्लं वो मॅडम, जास्त नाई." नत्थुजी काठी टेकून उठले. "मी राजगिऱ्याचे लाडू खाल्ले. दोन. काहून, चालत नाई का राजगिरा?"

"मोठ्या घरचे!" सुभद्रा दारातून म्हणाली. बाक पुन्हा खदखदला, आता कशाला ते अर्ध्यांना माहीत नव्हतं.

खिडकीतून मनोज ओरडला, "मी उपवास म्हणलो होतो! फराळ म्हणलोच नाही!"

"उपासाले फराळ नाई तं तुया घरी काय गोटे खाते का?" सुभद्रानं त्याला तिथल्या तिथे दिलं. "मानसाले मानसाच्या भाषेत सांगत जा. उपाशी ये म्हन. जीभ झिजते काय?"

मनोजनं मान खाली घातली. मॅडमनी त्याला सांगितलं, "आजपासून उपाशी. उपवास हा शब्द या खिडकीत बंद."

आत येऊन त्यांनी टेप उचलला. सुभद्राची कमर मोजली, लिहिली. मग टेप न गुंडाळता ओमप्रकाशकडे वळल्या.

"तुम्ही पण या."

"मी? मले काय झालं?"

"तेच बघू."

"मी पेशंट नाई मॅडम. मी संग आलो."

"संग आले तं संगच मोजून घ्या," सुभद्रा म्हणाली. "लाज काहून वाट्टे? घरात तं सदरा काढून फिरता."

टेप त्याच्या पोटाभोवती कसाबसा पुरला. बीपी घेतलं, तेही वरच. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही बायकोपेक्षा पुढे आहात. हे दुखणं एकटं येत नाही. पोट वाढतं, मग बीपी, मग साखर, मग रक्तातली चरबी. एकमेकांचा हात धरून येतात. म्हणून त्यांना मिळून एकच नाव दिलं आहे, मेटाबोलिक सिंड्रोम."

"म्हन्जे पंगत," सुभद्रा म्हणाली. "एक बसला का सगळे बसते."

"अगदी पंगत. आणि पहिला बसतो तो हा," मॅडमनी ओमप्रकाशच्या पोटाकडे पेन दाखवलं. "पंगत उठवता येते. चालायचं, तळलेलं सोडायचं, जेवणात भात-आलू कमी, भाजी-डाळ जास्त, झोप पुरती. गोळी लागेल तेवढीच. उद्या दोघंही उपाशी या. कचोरी पण नाही."

कचोरीचं यांना कसं कळलं, म्हणून ओमप्रकाशनं बायकोकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्यावर तर्रीचा डाग होता.

"आणखी एक," मॅडम सुभद्राला म्हणाल्या. "ती जोराची गोळी आजपासून बंद. तिचा असर जाईपर्यंत घाम सुटला, हात थरथरला, तर वाट बघत बसायचं नाही. लगेच गुळाचा खडा तोंडात टाकायचा. घरात गूळ आहे ना?"

सुभद्रा नवऱ्याकडे बघत राहिली.

"माळ्यावर हाय," ओमप्रकाश म्हणाला. "काढून देतो."

घरी आल्यावर त्यानं स्टूल लावलं, वर चढला, पोट सांभाळत गुळाचा डबा खाली काढला आणि ओट्यावर ठेवला. सुभद्राला त्याच्या तोंडून काही ऐकायचं नव्हतं. डबा खाली आला, पुष्कळ झालं.

पार्वताबाईला सांगायचं सगळ्यात अवघड होतं. ऐकून म्हातारी आधी चिडली.

"उपासाले काईच खाचं नाई? मंग थो उपास कायचा? तसं सांगाचं ना! म्या एवढे दिवस..." आणि तिथेच थांबली. पदर तोंडाशी गेला. "म्हन्जे मीच मारून रायली होती का वं तुले?"

"तुमी नाई मारलं आत्याबाई. तुमी जेवू घातलं. सांगनाऱ्यानं सांगतलं नाई."

"ते आमटी चांगली होये ना पन?"

"लय चांगली होये."

"मंग झालं," म्हातारी डोळे पुसत म्हणाली. "उद्या पाय तू. गॅसजवळ कोनाले फिरकू देत नाई."

आणि खरंच, दुसऱ्या सकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसली. ओमप्रकाशनं शेंगदाण्याच्या बरणीकडे हात नेला तर त्याच्या मनगटावर पळी बसली. "उपाशी म्हन्ते ना डॉक्टरीन? उपाशी."

राजकमलच्या अलीकडे मोटरसायकल आपसूक हळू झाली. मागून सुभद्रानं पाठीत बोट खुपसलं. गाडी पुढे गेली.

साखर एकशे अठ्ठावीस आली.

सुभद्रानं मॅडमना आकडा पुन्हा वाचायला लावला. मॅडमनी तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणीही करवली होती, ती सात टक्क्यांच्या आसपास निघाली, म्हणजे आवाक्यातली. साखर आहे, सांभाळायची आहे, पण घाबरून जायचं कारण नाही. इन्शुलिन नको. जोराची गोळी बंदच. साधी एक गोळी आणि बीपीची एक. पाय दोन्ही ठणठणीत, नसांना धक्का नाही. मॅडमनी तिच्या तळपायांना बारीक तार लावून पाहिली होती आणि प्रत्येक वेळी सुभद्रा "लागली" म्हणाली होती.

ओमप्रकाशची साखर तिच्याहून जास्त आली. तो कागद घडी करून खिशात घालू लागला तेव्हा सुभद्रानं तो काढून घेतला.

"गोड खाता?" तिनं विचारलं. मोठ्या डॉक्टरांच्याच आवाजात.

"गप वं," तो म्हणाला. पण हसला. थोडा घाबरला होता, तेही दिसत होतं. ती त्याला चोर म्हणाली नाही. म्हणता आलं असतं.

मॅडमनी जाता जाता विचारलं, "काकू, आता कसं वाटतं?"

सुभद्राला या प्रश्नाची सवय नव्हती. ती दारात उभी राहून विचार करू लागली, मागचा पेशंट खोळंबला तरी. शेवटी म्हणाली, "हलकं." आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. ओमप्रकाश शेजारी उभा राहिला. लोक बघत होते. बघू द्या, असं त्याच्या तोंडावर होतं. नवरा म्हणून त्यानं दीड वर्षात केलेलं पहिलं बरं काम.

पुढल्या आठवड्यात ती अंबादेवीच्या रस्त्यावर गेली. छत्रीखाली चंदा बसली होती. चंदाला महिनाभरात ती जागा आवडली होती. चार माणसांशी बोलणं, हातात फुलं, घरापासून दूर. कोणाला नाही आवडणार? तिनं जावेला पाहिलं आणि हातातला हार तसाच मांडीवर ठेवला.

"आली का बाई? उठू?"

सुभद्रानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. तिला ही जागा हवी होती. एकटीचीच हवी होती, खोटं कशाला बोला. पण वाफ्यात पडली होती तेव्हा पाणी मारायला हीच धावली होती.

"उठू नोको. सरक," ती म्हणाली. "नवरात्र हाय. दोघींचे हात लागतीन."

चंदा सरकली. सुभद्रा मांडी घालून बसली, पोट जरा आड येत होतं, तरी बसली. दुपारभर दोघी ओवत राहिल्या. गर्दी वाढत गेली. एका बाईनं हार घेता घेता सांगितलं, "लवकर दे बाई, नवरात्राचा उपास हाय, अन् उद्या शुगर तपासाले जाचं हाय."

सुभद्राचा हात थांबला. "वो बाई, तपासाले जाऊन रायल्या तं उपास नोका करू. उपाशी जाजा."

"दोन्ही एकच ना?"

"नाई!" दोघी जावा एकदम ओरडल्या. मग ती बाई तिथेच उभी राहिली आणि सगळं ऐकूनच गेली. हाराचे पैसे द्यायला परत यावं लागलं तिला.

देवळाच्या बाजूनं ओमप्रकाश आला. तो हल्ली गाडी दूर लावून चालत यायचा, घामाघूम व्हायचा आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं कण्हायचा. बादलीजवळ उभा राहून म्हणाला, "चार वाजले."

सुभद्रानं मान वर केली. चार वाजले होते. तिनं आपल्या बोटांकडे पाहिलं. सुई सरळ होती. पदराच्या गाठीत गुळाचा खडा होता, तो तिनं चाचपला आणि तसाच राहू दिला. झेंडू पिवळे होते, शेवंती पांढरी होती. ती काळोखाची वाट बघत होती, सवयीनं. तो आला नाही.

"कसं वाट्टे?" चंदानं विचारलं.

"भूक लागली," सुभद्रा म्हणाली. "साधी. मानसाले लागते तशी."

आणि डब्यातली ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी काढून तिनं अर्धी जावेच्या हातावर ठेवली.